संसर्गजन्य रोग, मृत्यू आणि हवामान: वाटा नेमका कोणाचा?

मेघमापक

हवामानबदलाविषयी काहीही वाचायला घेतले की एक विधान हमखास समोर येते: तापमान वाढेल तशी रोगराई वाढेल आणि माणसे मरतील. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की २०३० ते २०५० या काळात हवामानबदलामुळे दरवर्षी सुमारे २,५०,००० जादा मृत्यू होतील. त्यांत बालकांचे कुपोषण, हिवताप, अतिसार आणि वृद्धांना होणारा उष्णतेचा त्रास अशी चार कारणे धरलेली आहेत.

माझी अडचण अशी आहे की मागे वळून पाहिले तर चित्र उलटे दिसते. विसाव्या शतकात पृथ्वी तापत गेली, पण हिवतापाचा नकाशा मात्र आक्रसत गेला. २००० साली हिवतापाने साडेआठ लाखांहून अधिक माणसे दगावली, २०२३ साली हा आकडा सहा लाखांच्या आसपास होता. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, उष्णताही वाढली, तरीही मृत्यू घटले. मग हवामानाचा संसर्गजन्य रोगांवर आणि त्यांतून होणाऱ्या मृत्यूंवर खरोखर किती प्रभाव आहे? की गरिबी, पाणी आणि दवाखाने यांच्या गोष्टीला आपण हवामानाचे नाव देतो आहोत? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह लिहावे. ‘दोन्हीही महत्त्वाचे’ हे उत्तर मला स्वतःलाही सुचले होते, म्हणून ते सोडून लिहावे.

कीटकपुराण

धागा चांगला आहे. मी डासांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे डासापासूनच सुरुवात करतो. आमच्या डासघरात वर्षभर २७ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता राखावी लागते. माणसांच्या खोल्यांतले वातानुकूलन बंद पडले तर तक्रार अर्ज करावा लागतो, डासांच्या खोलीतले बंद पडले तर सगळे धावत येतात.

हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात शिरल्यावर लगेच पुढच्या माणसाला लागण होत नाही. त्याची डासाच्या शरीरात वाढ व्हावी लागते आणि ती वाढ पूर्णपणे बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते, कारण डासाला स्वतःची ऊब नसते. घातक हिवतापाच्या परजीवीसाठी, म्हणजे फाल्सिपेरमसाठी, एक जुने ढोबळ सूत्र आहे: तापमानातून १६ वजा करायचे आणि १११ ला त्या संख्येने भागायचे, म्हणजे वाढीला लागणारे दिवस मिळतात. १८ अंशांना हे उत्तर ५५ दिवस येते, २० अंशांना २८ आणि २५ अंशांना १२ दिवस.

आता डासाच्या बाजूने पाहा. रोज शंभरातले दहा डास मरतात असे धरले, तर १२ दिवस जगणारे डास शंभरात २८ निघतात, २८ दिवस जगणारे पाच आणि ५५ दिवस जगणारे हजारात जेमतेम तीन. म्हणजे १८ वरून २० अंशांवर जाताना, तापमापकावर फक्त दोन रेघा सरकताना, रोग पसरवण्याइतके जगणाऱ्या डासांचे प्रमाण सुमारे अठरा पटींनी वाढते. पंचविशीच्या पुढे दोन अंश चढले तर असा काहीच धमाका होत नाही. हवामानाचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. तो सीमेवर प्रचंड असतो आणि मधल्या प्रदेशात किरकोळ. इथिओपिया आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागातील नोंदींत हे स्पष्ट दिसले आहे: जी वर्षे उबदार, त्या वर्षी हिवताप डोंगरावर अधिक उंच चढतो.

शंकासुर

म्हणजे या सूत्रानुसार ४० अंशांना परजीवी पाच दिवसांत तयार होतो. मग वाळवंटात हिवतापाने कोणी शिल्लकच राहायला नको होते.

कीटकपुराण

शंकासुर, सूत्र परजीवीचे आहे, डासाचे नव्हे. चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत डासच टिकत नाही, अळ्याही मरतात. चावण्याचे प्रमाण, अंडी, अळ्यांची वाढ, डासाचे आयुष्य आणि परजीवीची वाढ या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला की हिवतापाच्या प्रसारासाठी सर्वांत अनुकूल तापमान सुमारे २५ अंश निघते. ते पूर्वी ३० च्या वर मानले जात असे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासासाठी हा आकडा सुमारे २९ अंश आहे. त्यामुळे आज जिथे सरासरी तापमान २७-२८ अंश आहे, तिथे आणखी तापल्यावर हिवतापाला परिस्थिती प्रतिकूल आणि डेंगीला अनुकूल होऊ शकते. ‘तापमान वाढले की रोग वाढतो’ हे विधान कोणत्या रोगाचे आणि कुठून कुठे वाढले, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहते.

पाणवठा

माझे मत मेघमापक यांच्या दुसऱ्या शक्यतेकडे झुकते. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, दोन उदाहरणे देतो.

लंडनमध्ये १८४८-४९ च्या साथीनंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूंचे आकडे वस्तीच्या उंचीप्रमाणे लावले. थेम्स नदीच्या काठी, सखल भागात, दर दहा हजारांमागे शंभरावर मृत्यू होते आणि उंचावरच्या वस्तीत दहापेक्षाही कमी. मधले सगळे टप्पे एखाद्या आलेखासारखे सुबक उतरत गेलेले होते. फार यांनी त्यातून निष्कर्ष काढला की सखल भागातील दूषित हवा हेच कारण आहे. आकडे अचूक होते, निष्कर्ष चुकला होता. नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक वरच्या वस्त्यांचे सांडपाणी मिसळलेले पाणी पीत होते आणि उंची ही केवळ त्या पाण्याची खूण होती. पुढे १८६६ च्या साथीत पूर्व लंडनमधील मृत्यूंचा माग पाण्यापर्यंत काढण्यात स्वतः फार यांनीच पुढाकार घेतला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

दुसरे उदाहरण १८९२ चे हॅम्बुर्ग. तिथे एल्ब नदीचे पाणी न गाळता नळांना सोडले जात होते. शेजारीच असलेल्या आल्टोना शहरात त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, पाणी वाळूच्या थरांतून गाळून दिले जात होते. हॅम्बुर्गमध्ये काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. आल्टोना बहुतांशी वाचले. दोन्ही शहरांची हवा, पाऊस, उन्हाळा, नदी सारे एकच होते. काही ठिकाणी शहरांची हद्द रस्त्याच्या मधून जात होती आणि रोग रस्त्याच्या एकाच बाजूला होता. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

वाचनमात्र

आणि त्याच वर्षी जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी रोगजंतू एकट्याने पटकी घडवत नाहीत, स्थानिक माती आणि भूजलही जुळून यावे लागते, हे सिद्ध करण्यासाठी पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखवले होते. थोडे पोट बिघडण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही. ‘परिसरच रोग घडवतो’ या मताचा याहून निष्ठावान पुरस्कर्ता या धाग्यावर तरी सापडणार नाही.

अनुजा

पाणवठा यांची उदाहरणे पटली, पण त्यांतून निघणारा अर्थ अपुरा वाटतो. हॅम्बुर्गच्या नळाला गाळणी नव्हती म्हणून लोक मेले हे खरे. परंतु जगाच्या काही भागांत पटकीचा जंतू माणसाशिवायही पाण्यात वर्षानुवर्षे राहतो. बंगालच्या उपसागराच्या किनारपट्टीवरील खाड्यांत तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतो. समुद्राचे पाणी तापले की वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, त्यांच्यामागून त्यांवर जगणारे हे प्राणी वाढतात आणि जंतूंची संख्याही वाढते. बांगलादेशात पटकीच्या वर्षातून दोन लाटा येतात, एक पावसाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर, आणि त्यांचे चढउतार समुद्राच्या तापमानाशी व एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, वर्षांशी जुळतात. ही लंडनच्या उंचीसारखी केवळ खूण नाही, इथे कार्यकारण ठाऊक आहे.

याचा एक उपयोगही झाला. जंतू मोठ्या प्राण्याला चिकटलेला असेल तर तो जाड कापडातही अडकतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्या करून पाणी गाळायला शिकवले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. पर्यावरणातील जंतूचे वास्तव्य समजले नसते, तर कापडाने जंतू गाळता येतो हे कोणी मान्यच केले नसते.

थंड प्रदेशातीलही एक उदाहरण आहे. २००४ च्या उन्हाळ्यात अलास्कातील प्रवासी जहाजावर शिंपले खाऊन लोक व्हिब्रियो पॅराहीमोलिटिकस या जंतूने आजारी पडले. या जंतूला सुमारे १५ अंशांहून उबदार पाणी लागते आणि शिंपल्यांच्या शेतांजवळचे पाणी त्या उन्हाळ्यात १५ अंशांच्या वर राहिले होते. तिथे ना गाळणीचा दोष होता ना गरिबीचा.

पाणवठा

अनुजा, अलास्काच्या त्या प्रसंगात किती लोक मेले?

अनुजा

कोणीही नाही. आजारी मात्र अनेक पडले.

पाणवठा

माझा मुद्दा एवढाच होता.

जुनी_दप्तरे

वरचा छोटा संवाद मला या धाग्याचा गाभा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. लागण आणि मृत्यू हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते सर्वांत आधी ज्यांच्या नजरेला नीट आले, त्यांपैकी एक ब्रिटिश भारतातील हिवताप-संशोधक रिकार्ड क्रिस्टोफर्स होते.

अविभाजित पंजाबात १९०८ साली पावसाळ्यानंतर हिवतापाची भयानक साथ आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक मृत्यू झाले असे मानले जाते. क्रिस्टोफर्स यांनी जुन्या मृत्युनोंदी काढून पूर्वीच्या साथींशी तुलना केली आणि १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: पावसाळ्यात झालेला अतिरिक्त पाऊस आणि त्याआधीचे धान्याचे भाव. ज्या वर्षी धान्य महाग आणि पाऊस मुबलक, त्या वर्षी साथ प्राणघातक ठरली. नुसता पाऊस भरपूर पडून धान्य स्वस्त असलेल्या वर्षी ताप येई, पण मृत्यूंचा असा डोंगर होत नसे. उपासमारीने खंगलेल्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात तोच परजीवी वेगळाच परिणाम करीत होता.

आता धान्य महाग का होते? बहुधा आधीच्या वर्षी पाऊस नीट झाला नाही म्हणून. म्हणजे भावांच्या मागेही हवामानच येऊन उभे राहते, फक्त ते डासांच्या वाटेने न येता बाजाराच्या वाटेने येते. भर घालणारी तिसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. कोरड्या वर्षांत डास कमी, लागण कमी, त्यामुळे लोकांची मिळवलेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि त्या काळात जन्मलेल्या मुलांना तर ती मिळतच नाही. मग एकाच पावसाळ्यात सगळ्यांना एकदम लागण होते. जिथे बारमाही हिवताप आहे तिथे पाऊस दीडपट झाला तरी प्रौढांचे मृत्यू फारसे वाढत नाहीत. जिथे तो अधूनमधून येतो, तिथे एकच ओले वर्ष गावे रिकामी करते. कीटकपुराण यांनी डोंगराच्या सीमेबद्दल जे सांगितले, तेच पावसाच्या सीमेलाही लागू आहे: अर्धशुष्क प्रदेश हा हिवतापाचा काठ आहे आणि काठावरच्या माणसांना सराव नसतो.

म्हणून ‘हवामान की गरिबी’ हा प्रश्नच मला थोडा सदोष वाटतो. पंजाबच्या त्या साथीत दोन्हींची बेरीज नव्हती, गुणाकार होता. गुणाकारात कोणाचा वाटा किती, हे टक्क्यांत सांगता येत नाही.

मेघमापक

जुनी_दप्तरे, हा प्रतिसाद वाचून मूळ प्रश्न बदलावासा वाटतो आहे. पण आधी एक शंका: असे असेल तर गुणाकारातील एक संख्या शून्य केली की पुरे. मग हवामानाची चिंता का करावी?

जुनी_दप्तरे

कारण शून्य कोणी करीत नाही. लहान करतात आणि मग दुर्लक्ष करतात.

आकडेमोडी

चर्चा उष्ण प्रदेशातच फिरते आहे, म्हणून थंडीकडे वळवतो. एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतील ३८४ ठिकाणांच्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा तापमानाशी संबंध तपासला गेला. प्रतिकूल तापमानाशी जोडता येणारे मृत्यू ७.७१ टक्के होते. त्यांपैकी ७.२९ टक्के थंडीचे आणि केवळ ०.४२ टक्के उष्णतेचे. हे सगळे मृत्यू संसर्गाचे नव्हेत, हृदयविकाराचा वाटा त्यांत मोठा आहे. तरीही हिवाळ्यात इन्फ्लूएन्झा आणि न्यूमोनिया वाढतात हे सर्वज्ञात आहे.

ते का वाढतात याचे एक देखणे स्पष्टीकरण आहे. थंड हवेत बाष्प कमी मावते, एक अंश तापमान वाढले की ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हिवाळ्यातली बाहेरची हवा आत आणून तापवली की ती अत्यंत कोरडी होते. गिनीपिगांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५ अंश तापमानाला इन्फ्लूएन्झा एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज गेला आणि ३० अंशांना हवेतून गेलाच नाही. नंतर असे दिसले की विषाणूच्या टिकावाशी सापेक्ष आर्द्रतेपेक्षा हवेतील बाष्पाच्या प्रत्यक्ष प्रमाणाचा संबंध अधिक घट्ट आहे.

शंकासुर

मग उष्ण कटिबंधात फ्लू भर पावसाळ्यात का येतो? त्या वेळी हवेत बाष्प इतके असते की वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात.

आकडेमोडी

नेमका प्रश्न. अनेक उष्ण प्रदेशांत फ्लूची लाट खरोखरच पावसाळ्यात येते आणि बाष्पाचा नियम तिथे लागू पडत नाही. पावसामुळे माणसे घरात, शाळेत, वाहनांत दाटीने बसतात आणि खिडक्या बंद राहतात, हे एक संभाव्य कारण सांगितले जाते. थंड देशांतल्या हिवाळ्यातही तेच घडते, त्यामुळे कोरडी हवा किती आणि बंद खिडक्या किती हे वेगळे काढणे अवघड आहे.

थंडीच्या आकड्यांतून ‘तापमानवाढ उपकारक ठरेल’ असा अर्थ काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. ते मृत्यू प्रामुख्याने कडाक्याच्या थंडीचे नसून साध्या, मध्यम थंडीचे आहेत. हिवाळा एक अंशाने सौम्य झाला म्हणून लोक खिडक्या उघडून बसणार नाहीत.

पाणवठा

ऋतूंचा विषय निघालाच आहे तर माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील शहरांत उन्हाळा आला की तान्ही मुले अतिसाराने मरत. दर उन्हाळ्यात मृत्यूंचा आलेख सुळक्यासारखा वर जाई आणि त्याचा तापमानाशी असलेला संबंध इतका पक्का होता की कोणी शंका घेतली नसती. पुढील काही दशकांत दूध निर्जंतुक झाले, पाणी गाळून व क्लोरीन घालून येऊ लागले, सांडपाण्याची सोय झाली आणि तो सुळका नाहीसा झाला. उन्हाळे मात्र थंड झाले नव्हते. प्रतिजैविकेही तोवर आली नव्हती.

फिरता_दवाखाना

मी पूरग्रस्तांच्या छावण्यांत वैद्यकीय पथकाबरोबर काम केले आहे, म्हणून या चर्चेत एक वेगळी बाजू मांडते.

पुरानंतर रोग एकदम येत नाहीत, त्यांना आपापले वेळापत्रक असते. पहिल्या काही दिवसांत अतिसार आणि जखमा. आठवडा-दोन आठवड्यांनी लेप्टोस्पायरोसिस, कारण उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लोक उघड्या पायांनी फिरलेले असतात. २००९ साली केट्साना वादळानंतर फिलिपिन्समधील मनिला शहरात हेच घडले. डासांचे रोग आणखी उशिरा येतात, कारण पुराचा लोंढा सुरुवातीला अळ्या वाहून नेतो आणि खरी पैदास पाणी साचून राहिल्यावर होते. त्या वेळेपर्यंत वार्ताहर आणि मदतीचे ट्रक परत गेलेले असतात. पाकिस्तानात २०२१ साली हिवतापाचे अंदाजे पाच लाख रुग्ण होते, २०२२ च्या महापुरानंतर ते २६ लाखांवर गेले.

पण छावणीतील मृत्यूंबद्दल मला प्रकर्षाने जाणवते ते असे की पुराचे पाणी जंतू आणते तसेच रस्ताही तोडते. लसीकरणाच्या फेऱ्या थांबतात, लस थंड ठेवणारी शीतपेटी वीज नसल्याने निकामी होते आणि दाटीच्या तंबूत गोवर पसरतो. गोवराचा पावसाशी काहीही संबंध नाही, तरी त्या मुलाचा मृत्यू पुरानेच घडवलेला असतो. क्षारसंजीवनीचे पाकीट वेळेवर मिळाले तर अतिसाराचे मूल वाचते, आणि ते पाकीट नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात पडून असते. पाणवठा, तुमच्या उन्हाळ्याच्या सुळक्याला उत्तर म्हणून सांगते: ज्या नळांनी आणि नाल्यांनी तो सुळका पुसला, तेच नळ आणि नाले महापुरात सर्वप्रथम फुटतात.

पाणवठा

हा मुद्दा वजनदार आहे. यंत्रणा हवामानापासून संरक्षण देते हे मी धरून चाललो होतो, यंत्रणाच हवामानाच्या तडाख्यात सापडते ही बाजू माझ्या मांडणीत नव्हती.

गच्चीवरची_टाकी

पावसाइतकेच अवर्षणाबद्दलही बोलायला हवे. पाऊस नसला की डास नसतात ही समजूत डेंगीच्या बाबतीत खोटी ठरते. पाणी येत नाही म्हणून लोक पिंपे, हौद, टाक्या भरून ठेवतात आणि एडिस डासाला नेमके तेच हवे असते. बार्बाडोस बेटावरील अभ्यासात असे दिसले की अतिवृष्टीनंतर एक-दोन महिन्यांनी डेंगीचा धोका वाढतो आणि अवर्षणानंतरही वाढतो, फक्त तो पाच महिन्यांपर्यंतच्या अंतराने.

शहरी हिवताप पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफेन्सी डासही टाक्यांत वाढतो. हा मूळचा दक्षिण आशिया आणि आखातातील डास २०१२ मध्ये जिबूतीत आढळला आणि पुढे इथिओपियात पोहोचला. तिथल्या दिरे दावा शहरात २०२२ साली कोरड्या ऋतूत हिवतापाची साथ आली. त्या ऋतूत साथ येत नसते असे वर्षानुवर्षे गृहीत धरलेले होते.

शंकासुर

म्हणजे पाऊस पडला तरी डेंगी, नाही पडला तरी डेंगी. हवामानतज्ज्ञांचे भाकीत कधीच चुकू नये अशी ही व्यवस्था दिसते.

कीटकपुराण

शंकासुर, विनोद सोडला तरी तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच सोबत घरांची माहिती लागते. अमेरिकेतील लरेडो आणि नदीपलीकडचे मेक्सिकोतील न्वेव्हो लरेडो या जोडशहरांत १९९९ मध्ये तपासणी झाली. डास अमेरिकेच्या बाजूला अधिक होते आणि डेंगीची लागण मेक्सिकोच्या बाजूला कितीतरी जास्त. फरक वातानुकूलनाचा, बंद खिडक्यांचा आणि घरांच्या रचनेचा होता. पाणवठा यांना हॅम्बुर्गची विसाव्या शतकातील आवृत्ती हवी असेल तर ती हीच.

रानवाट

आतापर्यंत ‘पर्यावरण’ म्हणजे ऊन आणि पाऊस एवढेच धरले गेले आहे. जमिनीचा वापर बदलला तरी रोग बदलतात. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आला, कारण डुकरांचे मोठे गोठे आंब्याच्या बागांना लागून होते. क्यासनूर जंगलज्वर १९५७ मध्ये कर्नाटकातील जंगलात ओळखला गेला, तो गोचिडांमार्फत पसरतो आणि जंगलाच्या कडेला माणसांचा व गुरांचा वावर वाढण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उंदरांकडून येणाऱ्या हंता विषाणूने तरुण, धडधाकट माणसे मेली. त्याआधी एल निनोमुळे झालेल्या चांगल्या पावसाने रानात बियांचे पीक भरघोस आले होते आणि उंदीर प्रचंड वाढले होते. चांगला पाऊस म्हणजे चांगले आरोग्य, हे दरवेळी खरे नसते.

आकडेमोडी

रानवाट यांच्या यादीवरून आठवले. २०२२ मध्ये एक निष्कर्ष खूप गाजला: तपासलेल्या ३७५ संसर्गजन्य रोगांपैकी २१८, म्हणजे ५८ टक्के, रोग हवामानाच्या आपत्तींमुळे कधी ना कधी बळावले आहेत. हा आकडा वापरताना जपून राहावे. एखादा रोग एका ठिकाणी एकदा बळावल्याची नोंद असली तरी तो यादीत येतो. त्यात रोगांची संख्या आहे, रुग्णांची किंवा मृत्यूंची नाही. त्याच पाहणीत सुमारे १६ टक्के रोग काही प्रसंगी कमी झाल्याचेही नमूद होते, पण ते कोणी मथळ्यात घेतले नाही.

वाचनमात्र

सायबेरियातील यमाल द्वीपकल्पावर २०१६ च्या उष्ण उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली आणि अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. जगभर बातमी अशी गेली की बर्फातून जुना जंतू बाहेर आला. त्या भागात १९४१ नंतर अँथ्रॅक्स दिसलेला नव्हता आणि म्हणूनच २००७ मध्ये रेनडियरांचे लसीकरण बंद करण्यात आले होते, हे मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही सहसा नसे. जुनी_दप्तरे यांचा गुणाकार इथेही दिसतो.

मेघमापक

इतक्या प्रतिसादांनंतर माझा प्रश्न मी असा मांडेन: रोग कुठे आणि केव्हा येऊ शकतो, हे हवामान बऱ्याच अंशी ठरवते. आल्यावर किती मरतील, हे अन्न, पाणी, प्रतिकारशक्ती आणि दवाखान्याचा रस्ता यांवर ठरते. आणि या चारही गोष्टींना हवामान मागच्या दाराने हात लावू शकते. आफ्रिकेत २००० ते २०१५ दरम्यान हिवतापाची लागण जी घटली, तिच्यातील ६८ टक्के घट कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे झाली असा अंदाज आहे. म्हणजे तापमान वाढत असतानाही मच्छरदाणी वरचढ ठरली. पण तीच मच्छरदाणी पुरात वाहून जाते, हे आता मला दिसते आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. ‘केव्हा’ हे जर हवामानावरून कळत असेल, तर ते आधी सांगून मृत्यू टाळले गेल्याचे उदाहरण आहे का?

आकडेमोडी

अंशतः आहे. बोट्स्वानात हंगामी पावसाच्या अंदाजावरून हिवतापाची साथ काही महिने आधी ओळखता येते असे २००६ मध्ये दाखवले गेले. तो देश अर्धशुष्क आहे, म्हणजे वर म्हटलेल्या काठावरचा, म्हणूनच तिथे हे जमते. बारमाही हिवतापाच्या प्रदेशात पावसाचा अंदाज फारसे नवे काही सांगत नाही.

फिरता_दवाखाना

आफ्रिकेच्या मेंदुज्वर पट्ट्याचे उदाहरण याच्या उलट आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत कोरड्या, धुळीच्या वाऱ्यांच्या ऋतूत साथ येते आणि पहिल्या पावसाबरोबर थांबते, हे इतके नियमित होते की वेगळ्या भाकिताची गरजच नव्हती. तरीही १९९६-९७ मध्ये सुमारे २५,००० लोक मेले. २०१० पासून ‘अ’ गटाच्या जंतूविरुद्धची स्वस्त लस आली आणि त्या गटाची साथ जवळजवळ संपली. वारे अजून तसेच वाहतात.

जुनी_दप्तरे

भाकिताचे सर्वांत बोलके उदाहरण रिफ्ट व्हॅली तापाचे आहे. पूर्व आफ्रिकेत एल निनोच्या वर्षी अतिवृष्टी झाली की उथळ खळगे भरतात आणि तिथल्या मातीत वर्षानुवर्षे पडून असलेली एडिस डासांची अंडी उबतात. त्यांतील काही अंड्यांत विषाणू आधीपासूनच असतो. तो आधी गुरांत पसरतो, मग माणसांत. २००६ मध्ये समुद्राचे तापमान आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई पाहून शास्त्रज्ञांनी साथ सुरू होण्यापूर्वीच इशारा दिला आणि तो खरा ठरला. असे पूर्वभाकीत प्रथमच साधले होते. तरी केनियात दीडशेहून अधिक माणसे दगावली, कारण गुरांचे लसीकरण जोमाने सुरू होईपर्यंत साथ पसरली होती.

यात केवळ ढिलाई होती असे मला वाटत नाही. दोन साथींमध्ये आठ-दहा वर्षे जातात. मधल्या कोरड्या वर्षांत पशुपालक न दिसणाऱ्या रोगासाठी गुरांना लस टोचून घेत नाहीत आणि लस बनवणारेही मागणी नसताना साठा करून ठेवत नाहीत, कारण तो मुदतीत खपत नाही. इशारा काही आठवडे आधी मिळतो आणि लाखो गुरांसाठी लस तयार करून दुर्गम भागात पोहोचवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे भाकीत किती अचूक आहे यापेक्षा ते किती आधी मिळते आणि तोवर साठ्याचा खर्च कोण उचलतो, हे विचारायला हवे. पशुवैद्यक खात्यात काम केलेले कोणी सभासद असतील तर त्यांनी यावर लिहावे.